अस्तराची तीन पोटं

टेलरमास्तरांची आणि माझी पहिली भेट एका बैठकीत पूर्ण झाली नाही. तेवढा ऐवज एका बैठकीत भेटण्यासारखा नव्हता. मी दुकानात शिरलो तेव्हा मागच्या खोलीचा पडदा हलला आणि एक पोट बाहेर आलं. मी अदबीने उभा राहिलो. पोट येतच राहिलं. खिडकीतला उजेड गेला, टेबलावरचे कागदी नमुने वाऱ्याने उडाले, भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक अर्धा मिनिट थांबला हे मी शपथेवर सांगायला तयार आहे, आणि तरीही मास्तर आलेले नव्हते. अखेर पोटाच्या पलीकडून, दुसऱ्या गल्लीतून यावा तसा एक गोड आवाज आला, "या, या. पँट का शर्ट?"

मी पँट म्हणालो. मास्तर टेप घेऊन पुढे सरकले, मी मागे सरकलो. मी भिंतीला टेकलो तरी ते सरकतच होते. त्या दिवशी माझ्या कपड्यांच्या आधी माझी इस्त्री झाली. टेप कमरेभोवती फिरली आणि वरून कुठूनतरी निकाल आला, "तीस."

तेव्हापासून आजतागायत मी तीस आहे. मास्तर गिऱ्हाइकांना नावाने ओळखत नसत, पहिल्या मापाने ओळखत. दोन गिऱ्हाइकांचं माप एकच निघालं तर त्यात एखादी खूण घालत. त्यांच्याकडे एक उंच तीस होता, एक उदास तीस होता आणि मी चष्म्याचा तीस. पुढे माझी कंबर एकतीस, चौतीस, अडतीस असे टप्पे घेत कुठल्या कुठे गेली. वहीत खरा आकडा पडायचा, पण हाक मात्र "या हो, तीस!" अशीच यायची. घरी, कचेरीत आणि आरशात मिळत नाही तो मान मला वीस वर्षं त्या एकाच दुकानात मिळाला.

मास्तरांचे धंद्यातले नियम दोन. पहिला, ट्रायलशिवाय शेवटची शिलाई नाही. कापड भारी असेल तर ते आधी अस्तराच्या स्वस्त कापडात तोच कपडा कच्च्या टाक्यांनी उभा करत, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवत, त्याला बसायला, उठायला, चिडायला लावत, आणि मगच खऱ्या कापडाला कात्री लावत. "माणूस चिडला की खांदे वर जातात," ते म्हणत. "तुमचा साहेब तुम्हाला बोलतोय असं समजा. हां, आता बगलेत ओढलं ना?"

दुसरा नियम मायेचा. माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, उद्या कपडा सैल करायची वेळ आली तर हाताशी असावं म्हणून. इतर शिंपी अर्धा इंच सोडत. मास्तर दीड इंच सोडत. "माणूस वाढणारच," ते म्हणत, "झाडासारखा उंच नाही वाढला तर भोपळ्यासारखा वाढेल. त्याला जागा ठेवावी."

एवढं असून मास्तर स्वतः मात्र वाढत नव्हते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे एकाच तपकिरी कापडाच्या तीन पँटी होत्या. दर चार-पाच वर्षांनी त्या विरल्या की त्याच जुन्या कागदी नमुन्यावर ते त्याच कापडाच्या नव्या तीन बेतत, आणि शिलाई, काज, बटणं, तुरपाई सगळं वहिनी करत. वहिनी म्हणजे त्यांची बायको. पडद्यामागच्या खोलीत त्यांचं मशीन होतं. "कंबर चाळीस," मास्तर पोटावर हात फिरवत सांगत. "वीस वर्षं चाळीस! पँट कधी घट्ट झाली नाही, बटण कधी तुटलं नाही. आहे का कुणी असा?" समोरच्या गिऱ्हाइकाला जे दिसत होतं ते चाळीस वाटत नव्हतं, पण मापाच्या बाबतीत शिंप्याशी कोण वाद घालणार?

गाडं अडलं ते वकीलसाहेबांच्या कोटावर. वकीलसाहेब, म्हणजे मास्तरांचे बेचाळीस, काळं कापड घेऊन आले. मास्तरांचं कापायचं टेबल चार फूट रुंद. पूर्वी ते एका बाजूला उभे राहून पलीकडच्या काठापर्यंत एका दमात कात्री नेत. कात्री थांबली नाही तर रेघ थरथरत नाही, हे त्यांचं सगळं कसब. आता पोट त्यांना टेबलापासून हातभर लांब धरून ठेवायचं. पलीकडचा काठ बोटांच्या टोकांनाच लागायचा. मध्येच थांबायचं, वळसा घालून दुसऱ्या बाजूला जायचं, दम खायचा, पुन्हा धरायचं. कोट तयार झाला आणि त्याचा डावा खांदा अर्धा इंच खाली उतरला. अर्धा इंच म्हणजे तुमच्या-माझ्या हिशोबी काहीच नाही. पण वकीलसाहेब आरशासमोर उभे राहिले तेव्हा ते डाव्या हातात पाण्याने भरलेली बादली घेऊन कोर्टात निघालेत असं वाटत होतं.

"वकीलसाहेबच झुकलेत एका बाजूला," मास्तर म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. वकीलसाहेब भला माणूस. त्यांनी पुन्हा तेवढंच कापड आणून फळीवर ठेवलं आणि म्हणाले, "घाई नाही मास्तर. पण कात्री तुमच्याच हातची लागली पाहिजे." तो काळा गठ्ठा तीन महिने झाले तरी फळीवरच पडून होता. मास्तर त्याच्याकडे पाठ करून बसत.

एकदा मी गेलो तर मास्तर मशीनवर बसल्याबसल्या झोपलेले आणि पाय चालूच. कुणाच्या तरी शर्टाची कॉलर त्यांच्या स्वतःच्या बाहीला शिवली गेली होती. वहिनी पडद्याआडून आल्या, टाके उसवू लागल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "भाऊजी, झोपेत घोरणं मध्येच बंद होतं यांचं. बंद झालं की मी उठून बसते. पण ते जाऊ द्या. यांची कात्री गेली तर हा माणूस नुसता बसल्याबसल्या संपेल. तुम्ही चला आमच्याबरोबर. डॉक्टरांकडे एकटीचं माझं ऐकायचे नाहीत हे."

"मी जागा आहे," मास्तर डोळे मिटून म्हणाले.

सर्जनबाई वयाने मास्तरांच्या मुलीएवढ्या. टापटीप टेबल, टोकदार पेन्सिल, कमी बोलणं. मास्तर खुर्चीत बसले, म्हणजे खुर्चीच्या हातांच्या मध्ये जेवढे बसणं शक्य होतं तेवढे बसले.

"वजन एकशे अडतीस," बाई कागद वाचत म्हणाल्या. "साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला. कंबर?"

"चाळीस," मास्तर म्हणाले. "वीस वर्षं."

बाईंनी टेप लावली. "अठ्ठावन्न."

मास्तर प्रेमाने हसले. "टेप भिजली असेल तुमची. भिजली की आखडते." त्यांनी स्वतःच्या गळ्यातली टेप काढून दिली. बाईंनी तीही लावली. साठ इंचांच्या टेपचं दोन इंच शेपूट लोंबत राहिलं. मास्तर त्या शेपटाकडे बघत राहिले. "माझीपण भिजली असेल," ते म्हणाले. "पण मग ही पँट होते कशी मला?"

वहिनी त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, भिंत होती.

बाईंनी कागदावर पोटाचं चित्र काढलं. "तीन प्रकार आहेत. पहिला बँड. पोटाच्या वरच्या भागाला एक रबरी पट्टा बसवायचा. काही कापायचं नाही. पट्टा सुईने पाणी भरून घट्ट-सैल करता येतो. नको झाला तर काढता येतो."

"नाडी," मास्तर म्हणाले.

"म्हणजे... हो, नाडी. दुसरा प्रकार स्लीव्ह."

"फुल का हाफ?"

बाईंनी पेन्सिल थांबवून वर बघितलं. "पाव," त्या म्हणाल्या. "पोट उभं कापायचं. तीन हिस्से काढून टाकायचे. केळ्याएवढी नळी उरते."

"काढून टाकता? ठेवत नाही?"

"कुठे ठेवणार?"

मास्तरांनी वहिनींकडे बघितलं. आमच्या मास्तरांच्या दुकानात चार बोटांची चिंधीसुद्धा गठ्ठ्यात बांधून ठेवतात.

"तिसरा बायपास. पोटाचा वरचा अंड्याएवढा भाग वेगळा करायचा आणि तो थेट आतड्याला जोडायचा. उरलेलं पोट आत तसंच राहतं, फक्त अन्न तिथून जात नाही."

"म्हणजे दुमडून आत घातलेलं कापड!" मास्तरांचे डोळे चमकले.

बाई म्हणाल्या की बँड त्या हल्ली सहसा करत नाहीत. वजन कमी उतरतं, पट्टा सरकतो, कितीतरी जणांचा पुन्हा काढावा लागतो. राहिले दोन. साखरेसाठी बायपास थोडा वरचढ. गोळ्या दोन्हींत जन्मभर, पण बायपासमध्ये त्या चुकवल्या तर शरीर फार लवकर बिघडतं. "आता रक्तदाबाची गोळी आहे ना तुम्हाला? रोज घेता?"

"घेतो," मास्तर म्हणाले.

"घेतात," वहिनी म्हणाल्या, "मी चिमटीत धरून जिभेवर ठेवली की."

"बरं," मास्तरांनी विषय आवरता घेतला, "मग ट्रायल कधी?"

"कसली ट्रायल?"

"ऑपरेशनची. कच्च्या टाक्यांची."

"मास्तर, यात ट्रायल नसते."

मास्तर खुर्चीसकट उठले. खुर्ची त्यांच्यासोबत चार बोटं वर आली आणि मग खाली पडली. "अहो बाई, मी उशीचा अभ्रा ट्रायलशिवाय शिवत नाही, आणि तुम्ही जिवंत माणूस शिवता?" मग थोडे शांत होऊन त्यांनी खिशातून खडू काढला. "त्या पोटाची मापं सांगा. लांबी, रुंदी, वरचं तोंड, खालचं तोंड. अंदाजे नको."

बाई हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मापं सांगितली, आणि मास्तरांनी ती टिपून घेतली.

दोन दिवस दुकान बंद होतं. तिसऱ्या दिवशी मला निरोप आला, "जुना शर्ट घालून या." गेलो तर इस्त्रीच्या टेबलावर अस्तराच्या कापडाची तीन पोटं ओळीने मांडलेली. पिवळं नाडीचं, निळं कापलेलं, लाल दुमडलेलं. शेजारी उकडून पातळ कुस्करलेल्या बटाट्यांचं पातेलं. शिलाई अशी सुरेख, की देवाने मूळ पोट करताना इतकं लक्ष दिलं असेल की नाही, शंका वाटावी.

"तोंड धरा, तीस," मास्तरांनी हुकूम सोडला. मी पिवळ्या पोटाचं तोंड दोन्ही हातांनी धरलं.

वहिनींनी डाव भरून घेतला. "कसं वाढू? डॉक्टरबाई सांगतात तसं, का तुम्ही जेवता तसं?"

"मी जेवतो तसं. खोटी ट्रायल काय कामाची?"

वहिनींनी डाव बाजूला ठेवला आणि पातेलंच कलतं केलं. पिवळ्या पोटाचा वरचा कप्पा फुगला, तट्ट झाला, आणि नाडी हळूहळू खाली घसरत गेली. जुना शर्ट घालायचं कारण मला कळलं.

"नेफा नाही ना," मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले. "नेफ्यावाचून नाडी जागेवर राहते का कधी? बाई बरोबर बोलल्या. हुशार आहे मुलगी."

निळं पोट तीन डाव पोटात घेऊन गप्प बसलं. चौथा डाव ओतला तर तो आल्या वाटेने परत आला. यात वाटाघाट नव्हती. मास्तरांनी त्याच्याकडे नव्या, कडक साहेबाकडे बघावं तसं बघितलं. लाल पोटाने मात्र त्यांचं मन जिंकलं. वरचा छोटा कप्पा भरला, बटाटा शिस्तीत खालच्या नळीत उतरला, आणि जुनं मोठं पोट कोरडंठाक, शांत, बाजूला पडून राहिलं. मास्तरांनी त्या रिकाम्या पोटावरून हात फिरवला. "बघितलंत, तीस? काही वाया गेलं नाही. उद्या वाटलं तर दोन टाके उसवायचे, की जुनं पोट सुरू."

वहिनी पातेलं घासायला घेऊन गेल्या. नेहमीपेक्षा जास्त आवाज करत घासत होत्या.

तिन्ही पोटं धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घालून आम्ही पुन्हा सर्जनबाईंकडे गेलो. आता मात्र बाई लहान मुलीसारख्या खूश झाल्या. एकेक पोट उलटंपालटं करून त्यांनी पाहिलं, टाके पाहिले, शेजारच्या खोलीतल्या भूलतज्ज्ञांना बोलावून दाखवलं. मग निळं पोट उलटं करताना त्या थांबल्या.

"ही आतून सगळीकडे पट्टी कसली सोडलीय?"

"माया," मास्तर म्हणाले. "दीड इंच. उद्या मोठं करावंसं वाटलं तर."

"आम्ही नाही ठेवत," बाई म्हणाल्या. "कापलं ते गेलं."

"म्हणून तर लाल!" मास्तर पुढे झुकले. "बायपास करा माझी. जुनं पोट आत राहू दे. पुढेमागे..."

बाईंनी पोट टेबलावर ठेवलं. "मास्तर, बायपास चांगलं ऑपरेशन आहे. तुम्ही सांगाल तर मी आनंदाने करीन. पण परत उसवायचं मनात धरून करणार असाल, तर दुसरा सर्जन बघा. ते जोडकाम परत फिरवणं फार अवघड असतं आणि कुणी हौसेने करत नाही. उसवायचं ठरवून कुणी लग्न करतं का?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पंधरा दिवस घ्या. दोन्हींतलं काहीही निवडलंत तरी चूक होणार नाही. पण जे निवडाल ते कायमचं म्हणून निवडा."

दुकानात परत आल्याबरोबर मास्तर सुटले. "कायमचं! मी तीस वर्षांत कुणाची बनियनसुद्धा कायमची शिवली नाही. उद्या आजारी पडलो, वाळलो, चार घास जास्त लागले तर? माणसाने स्वतःसाठी बोटभर तरी जागा ठेवावी का नाही? तीस, तुम्ही सांगा. तुमची कंबर आज काय आहे ते मी बोलत नाही, पण मी माया सोडली नसती तर आज तुम्ही रस्त्यावर कसे हिंडला असता?"

मी अंगावरच्या पँटीच्या मायेला स्मरून मान डोलावली.

तेवढ्यात वहिनी आतून आल्या. हातात तपकिरी पँट होती. त्यांनी ती उलटी केली आणि कापायच्या टेबलावर पसरली. "चष्मा लावा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी चष्मा लावला. मागच्या शिवणीवर ते वाकले, म्हणजे जितकं वाकता येतं तितके. त्या शिवणीलगत सुईच्या जुन्या भोकांच्या रेघा होत्या. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. मी पाच मोजल्या. त्यांच्यापलीकडे, मूळ कापड संपलं तिथे, त्याच तपकिरी कापडाच्या उभ्या पट्ट्या पाचरीसारख्या बसवलेल्या. आणि बाजूच्या दोन्ही शिवणींतही.

"हे कुणी केलं?" मास्तरांनी विचारलं. दुसऱ्या शिंप्याचं फसलेलं काम हातात आलं की ते याच आवाजात विचारत.

"मी."

"कधी?"

"तुम्ही वीस वर्षं त्याच नमुन्यावर बेतलंत. कापायचात चाळीस, मी शिवायचे जेवढे असाल तेवढे. पुढे मुलगी नोकरीला लागली तेव्हा तुम्ही एकदम भरलात, म्हणून ही पट्टी घातली. तुमचं गुडघ्याचं दुखणं सुरू झालं, चालणं थांबलं, त्या वर्षी ही. या बाजूच्या गेल्या साली." वहिनी बोटाने एकेक दाखवत होत्या. "तुम्ही झोपलात की खुंटीवरची पँट घ्यायची, सोडायची, परत अडकवायची."

मास्तरांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. "टाका तर माझा आहे."

"मग कुणाचा असणार? तुमच्याकडूनच शिकले ना."

"अगं, पण सांगायचं नाही का?"

"सांगणार होते एकदा. अगदी ठरवून आले होते बाहेर. तर तुम्ही आरशासमोर उभे, आणि म्हणताय, 'कंबर चाळीस! आहे का कुणी असा?' इतके खूश होतात. नाही सांगवलं." वहिनींनी पँटीवरची सुरकुती तळहाताने सपाट केली. "दुसऱ्यांच्या बायका कुरकुरतात, नवऱ्याची बटणं तुटतात म्हणून. एकदा जरी तुमचं बटण तुटलं असतं ना, तर तुम्हाला कळलं असतं. मी तुटू दिलं नाही. आता ऐका. त्या तपकिरी कापडाचा तागा संपलाय. शेवटची पट्टी या पँटीत गेली. आणि माझा भरवसा मला नाही. तुम्ही जरा कण्हलात, जरा तोंड बारीक केलंत, की मी उसवणार. म्हणून तुम्ही असं पोट करून घ्या, की जे मला उसवता येणार नाही. आणि गोळ्या चुकल्या तर बिघडेल असलं लालबिल नको. तुम्ही गोळी कशी घेता ते मला माहीत आहे."

मास्तरांनी एकदा फळीवरच्या काळ्या गठ्ठ्याकडे बघितलं. मग पिशवीतून निळं पोट काढलं, उलटं केलं, मोठी कात्री घेतली आणि शिवणीला अगदी लागून सगळी माया कापून टाकली. निळी पट्टी गोल गोल होऊन जमिनीवर पडली. वहिनी सवयीने ती चिंध्यांच्या गठ्ठ्यासाठी उचलायला वाकल्या.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "ती टाकून दे."

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मास्तर झोपले, कापले गेले, जागे झाले. जागे झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टाके कुणी घातले?" सर्जनबाईंनी सांगितलं, आतले टाके पिना मारणाऱ्या यंत्राने एका ओळीत घालतात. "मशीनवर?" मास्तर क्षीण आवाजात म्हणाले. "आतली शिलाई मशीनवर?" आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पुढचे महिने सोपे नव्हते. अर्धी वाटी सूप प्यायला अर्धा तास. एक घास जास्त झाला की छातीत दगड. केस गळले, चिडचिड वाढली, आणि पोटाची कातडी अशी सैल पडली की मास्तर ती चिमटीत धरून गिऱ्हाइकांना दाखवत. "बघा, कातडीला देवाने केवढी माया सोडलीय! आता ही आत कोण घेणार?" गोळ्यांसाठी वहिनींनी मशीनच्या बॉबिनची डबी रिकामी करून दिली. पहिले दोन महिने त्यात गोळ्या आणि बॉबिन दोन्ही सापडत. एकदा मास्तरांनी बॉबिन पाण्याबरोबर तोंडात घातलंही होतं. पण सवय लागली.

तपकिरी पँट आता मास्तर स्वतः आत घेऊ लागले. दर पंधरवड्याला इंच, दीड इंच. शेवटी ती इतकी आत आली की मागचे दोन खिसे सरकत सरकत मधोमध येऊन एकमेकांना भिडले, एका ओट्यावर दोन जावा उभ्या राहाव्यात तसे. डाव्या खिशात हात घातला की उजव्यातलं काय आहे ते कळे.

सातव्या महिन्यात एका सकाळी मास्तरांनी फळीवरचा काळा गठ्ठा उतरवला. कापड पसरलं, खडूने आखलं, आणि टेबलाला लागून उभे राहिले. अगदी लागून. कात्री पलीकडच्या काठापर्यंत एका दमात गेली. वहिनी पडद्यात उभ्या होत्या, सुईत ओवायचा दोरा तोंडात तसाच. कात्री टोकाला पोचली तेव्हा त्यांनी तो ओठांतून सोडला. पुढच्या आठवड्यात वकीलसाहेब आरशासमोर उभे राहिले तर दोन्ही खांदे एका रेषेत, बादली गायब.

यानंतर पंधरा दिवस मास्तरांच्या डोक्यात वारं शिरलं होतं. त्यांनी कुणाच्याच कपड्यांत माया ठेवायची नाही असं जाहीर केलं. "वाढायचं असेल तर नवी शिवा! मला बघा!" माझ्या एका पँटीला त्यांनी खरोखरच तसं केलं. मग उदास तीस आणखी उदास झाला, वकीलसाहेबांनी कायद्याचा काही मुद्दा काढला, आणि मास्तर गुपचूप पुन्हा दीड इंचावर आले. माझी ती पँट मी दोनदा घातली. आता ती कपाटात आहे.

अस्तराची तीन पोटं सर्जनबाईंकडेच राहिली. नवा पेशंट आला की त्या तीनही त्याच्या हातात देतात. पिवळ्याची नाडी दोनदा बदलावी लागली. निळं उलटं केल्यावर लोक विचारतात, याच एका पोटाला आतून माया का नाही? बाई सांगतात, हे एकाने कायमचं घातलेलं आहे.

मास्तर बावन्न किलोंनी उतरले. टेबलाशी उभे राहतात, घोरणं फारसं नाही, साखर आवाक्यात आहे. त्यांच्या पँटीला पुन्हा हात लावायचा नाही असं वहिनींनी ठरवलंय, आणि स्वतःची शिवायला मास्तरांना वेळ नसतो. म्हणून गेल्या वर्षी ते पलीकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गेले आणि तयार पँट घेऊन आले. कंबर चाळीस. पायाला दोन इंच लांब आहे. खालून दुमडून घालतात.